अॅक्सिलरेटर अडकल्यानंतरचे पाच सेकंद

अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटारीचा वेग कमी होतो, हे गृहीत धरूनच प्रत्येक चालक स्टीअरिंगमागे बसतो. हे गृहीतक एखाद्या दिवशी कोलमडले तर काय करायचे, याचे उत्तर मात्र फार थोड्यांपाशी तयार असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. पाच सेकंदांत ती जवळजवळ १४० मीटर पुढे गेलेली असते. चालकाला जे काही करायचे असते, ते याच अवधीत. त्या वेळी विचार करण्यास उसंत नसते. आधी शिकलेले आणि अंगवळणी पडलेले तेवढेच कामी येते.

आपल्याकडे हा प्रश्न आजवर फारसा चर्चेत आला नाही, याचे एक साधे कारण आहे. भारतात अनेक दशके बहुतांश मोटारी हाताने गिअर बदलण्याच्या होत्या. अशा मोटारीत काही विपरीत घडले की चालकाचा डावा पाय आपोआप क्लचवर जातो आणि इंजिनाचा चाकांशी असलेला संबंध तुटतो. क्लच हा एका अर्थाने नकळत लाभलेला सुरक्षा-झडप होता. आता महानगरांत ऑटोमॅटिक मोटारी आणि विजेवर चालणारी वाहने झपाट्याने वाढत आहेत. २०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओद्वारे स्वस्त मोटारींतही क्लचविरहित गिअरची सोय आली आणि तेव्हापासून मध्यमवर्गीय ग्राहकही तिकडे वळला. वाहतूक कोंडीत डाव्या पायाला मिळणारा आराम स्वागतार्हच आहे. पण क्लचबरोबर जी सवय गेली, तिची जागा कोणती सवय घेणार, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

एकच मोटार, दोन चालक

या विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले ते अमेरिकेतील एका अपघातामुळे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्निया राज्यात सॅन डिएगोजवळच्या सँटी येथे एका लेक्सस ईएस ३५० मोटारीचा भीषण अपघात होऊन चौघे मृत्युमुखी पडले. मोटार चालवणारा इसम महामार्ग पोलीस दलातील अनुभवी अधिकारी होता. स्वतःची मोटार दुरुस्तीला दिल्याने विक्रेत्याने त्याला ही मोटार तात्पुरती वापरण्यास दिली होती. अॅक्सिलरेटर अडकला असून मोटार थांबत नसल्याचे तिच्यातील एका प्रवाशाने दूरध्वनीवरून आपत्कालीन सेवेला कळवले. पण मदत पोहोचण्यापूर्वीच ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने मोटार महामार्गाच्या टोकाला असलेल्या चौकात येऊन आदळली.

तपासात आढळले, की मोटारीत दुसऱ्याच मॉडेलसाठी बनवलेली जाड रबरी मॅट घातलेली होती. ती खुंट्यांना अडकवलेली नव्हती आणि तिच्या कडेखाली अॅक्सिलरेटरचे पेडल दाबून धरले गेले होते. ब्रेक दीर्घकाळ जोराने वापरल्यामुळे जळून गेल्याच्या खुणाही सापडल्या. म्हणजे चालकाने ब्रेक लावलेच नाहीत असे नव्हे. ते तापून निकामी होईपर्यंत लावले होते.

याच तपासातील आणखी एक नोंद अधिक बोलकी आहे. काही दिवस आधी हीच मोटार दुसऱ्या एका ग्राहकाला वापरायला देण्यात आली होती आणि त्याच्या हाती असतानाही अॅक्सिलरेटर अशाच प्रकारे अडकला होता. त्या ग्राहकाने ब्रेक दाबून वेग आटोक्यात आणला, मोटार कडेला घेतली, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि मग इंजिन बंद केले. मोटार परत देताना त्याने ही बाब विक्रेत्याच्या कर्मचाऱ्याच्या कानावर घातली. पण पुढे काहीच झाले नाही. मोटार एकच, बिघाड एकच. एका वेळी ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, दुसऱ्या वेळी चार जणांचा बळी घेऊन गेली.

या तुलनेवरून मृत चालकाला दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्या मोटारीला किल्ली नव्हती, बटण होते. आणि धावत्या मोटारीचे इंजिन बंद करण्यासाठी ते बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावे लागत असे. नेहमीप्रमाणे एकदा दाबून सोडले तर काहीच घडत नसे. तात्पुरत्या मोटारीत बसलेल्या माणसाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गिअरच्या दांड्याची रचनाही अनोळखी हाताला घाईच्या वेळी गोंधळात टाकेल अशी होती.

कंपनीची जबाबदारी

सँटीच्या अपघातानंतर टोयोटाने सप्टेंबर २००९मध्ये अमेरिकेतील सुमारे ३८ लाख मोटारमालकांना मॅट काढून ठेवण्याची सूचना केली. जानेवारी २०१०मध्ये दुसराच दोष पुढे आला. पेडलच्या यंत्रणेतील घर्षण निर्माण करणारा भाग झिजून किंवा दमटपणामुळे चिकटत असे आणि पाय उचलल्यावर पेडल सावकाश परत येई किंवा मध्येच अडून राही. या कारणासाठी अमेरिकेतील आणखी सुमारे २३ लाख मोटारी परत बोलावण्यात आल्या आणि आठ मॉडेलांची विक्री काही काळ थांबवण्यात आली. २४ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ टोयोडा यांना अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे राहून क्षमा मागावी लागली.

अॅक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये पूर्वी तार असे. आधुनिक मोटारीत पेडल किती दाबले हे संवेदक मोजतात आणि संगणक त्यानुसार इंजिनाला आज्ञा देतो. साहजिकच, हा संगणकच चुकत असेल काय, अशी शंका व्यक्त झाली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने हे काम थेट ‘नासा’च्या अभियंत्यांकडे सोपवले. सुमारे दहा महिन्यांच्या अभ्यासानंतर फेब्रुवारी २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, इलेक्ट्रॉनिक दोषामुळे मोटार अनियंत्रित वेग घेत असल्याचा पुरावा आढळला नाही, असे नमूद करण्यात आले. मॅट आणि चिकट पेडल ही दोन यांत्रिक कारणे कायम राहिली. अपघातग्रस्त मोटारींतील नोंदयंत्रे तपासली असता, बहुतांश प्रकरणांत ब्रेक दाबलाच गेला नसल्याचे दिसले. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला असावा, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

वाद तेथेच मिटला नाही. ऑक्टोबर २०१३मध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात ज्यूरीने २००७च्या एका अपघाताबद्दल कंपनीला जबाबदार धरले. त्या खटल्यात मोटारीच्या संगणक प्रणालीतील त्रुटींवर तज्ज्ञांची सविस्तर साक्ष झाली होती. मार्च २०१४मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याचे मान्य करून टोयोटाने अमेरिकी न्याय खात्याशी १२० कोटी डॉलरची तडजोड केली. दोष असणे हा एक भाग. तो ठाऊक असून लपवणे हा त्याहून गंभीर, हे या प्रकरणाने ठसवले.

चालकाचा पाय

याउलट उदाहरणही इतिहासात आहे. नोव्हेंबर १९८६मध्ये अमेरिकेतील एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ऑडी ५००० ही मोटार आपोआप वेग घेते, असा आरोप केला. सरकारी तपासाचा १९८९चा निष्कर्ष मात्र असा होता, की बहुतेक प्रकरणांत चालकांनी ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला होता. तोवर ऑडीची अमेरिकेतील वार्षिक विक्री १९८५च्या सुमारे ७४ हजारांवरून घसरणीला लागली होती; १९९१मध्ये ती सुमारे १२ हजारांवर आली. या वादातून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. ब्रेक दाबल्याशिवाय ऑटोमॅटिक मोटारीचा गिअर ‘पार्क’मधून हलणार नाही, अशी सोय सर्वत्र रूढ झाली.

जपानमध्ये १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली एक तरुण माता आणि तिची तीन वर्षांची मुलगी यांचा मृत्यू झाला. मोटारीतच बिघाड असल्याचा त्याचा दावा न्यायालयाने फेटाळला आणि २०२१मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. वृद्ध चालकांची वाढती संख्या ध्यानी घेऊन जपान सरकारने समोर अडथळा असताना अॅक्सिलरेटर जोराने दाबला गेल्यास इंजिनाची ताकद रोखणारी यंत्रणा नव्या ऑटोमॅटिक मोटारींना सप्टेंबर २०२८पासून सक्तीची करण्याचे ठरवले आहे.

अशा घटनांचा मुंबईलाही अपरिचय राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला येथे ‘बेस्ट’च्या सेवेतील विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली. सुरुवातीला सात जणांच्या मृत्यूची नोंद झाली. नंतर हा आकडा वाढला. बसच्या प्राथमिक तपासणीत ब्रेक व्यवस्थित असल्याचे आढळल्याचे वृत्त होते. चालकाचा पूर्वीचा अनुभव मुख्यतः क्लच असलेल्या लहान बसगाड्यांचा होता आणि १२ मीटर लांबीची ऑटोमॅटिक बस हाती देण्यापूर्वी त्याला मिळालेले प्रशिक्षण अगदी थोड्या दिवसांचे होते, ही बाब तेव्हा प्रकर्षाने पुढे आली. दोष कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. पण एका प्रकारच्या वाहनाची सवय असलेला पाय दुसऱ्या प्रकारच्या वाहनात पुरेशा सरावाविना ठेवला गेला, तर काय धोका संभवतो, ही चर्चा या दुर्घटनेने ऐरणीवर आणली.

नेमके काय करावे?

पेडल अडकले असो, मॅट सरकली असो की संगणक बिघडला असो, चालकाने करायच्या कृती एकच आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

पहिली कृती ब्रेकची. ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबावा आणि मोटार थांबेपर्यंत दाबून ठेवावा. ब्रेक इंजिनापुढे टिकणार नाही, हा समज चुकीचा आहे. सर्वसाधारण मोटारीला शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास दहा-बारा सेकंद लागतात, तर त्याच वेगावरून ती तीन-चार सेकंदांत थांबू शकते. म्हणजेच ब्रेकची ताकद इंजिनाच्या कितीतरी पट असते. अमेरिकेतील ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने शक्तिशाली इंजिनाच्या टोयोटा कॅमरीवर हा प्रयोग केला, तेव्हा ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाही ब्रेकने ती थांबली. थांबण्याचे अंतर केवळ १६ फुटांनी वाढले.

ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडणे मात्र घातक ठरते. पेट्रोल मोटारीच्या ब्रेकला इंजिनातील निर्वात पोकळीचे साहाय्य मिळते. अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा असताना ही पोकळी निर्माण होत नाही आणि साठ्यातील साहाय्य एक-दोनदा ब्रेक दाबताच संपते. त्यानंतर ब्रेक दगडासारखा कठीण लागतो आणि ‘ब्रेक फेल झाला’ असे चालकाला वाटते. हलका ब्रेक लावून दूरवर जात राहणेही तितकेच धोक्याचे आहे. त्याने ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते.

दुसरी कृती इंजिनाला चाकांपासून तोडण्याची. क्लच असलेल्या मोटारीत क्लच पूर्ण दाबावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. ऑटोमॅटिकमध्ये दांडा ‘डी’वरून ‘एन’वर ढकलावा. बहुतेक मोटारींत त्यासाठी दांड्यावरचे बटण दाबावे लागत नाही. उलट ते दाबल्यास दांडा पुढे ‘आर’वर किंवा ‘पी’वर जाण्याचा धोका असतो. न्यूट्रल होताच इंजिन मोठ्याने गुरगुरू लागेल. या आवाजाने घाबरून पुन्हा गिअर टाकू नये. आधुनिक इंजिनांत फेऱ्यांवर मर्यादा घालणारी सोय असते. आणि इंजिनाचे नुकसान झालेच, तरी ते भरून निघण्याजोगे असते.

तिसरी कृती दिशेची. धोक्याचे दिवे लावून मोटार शक्य तितक्या लवकर कडेला घ्यावी. द्रुतगती मार्गावर डावीकडची कडेची पट्टी गाठावी. ‘न्यूट्रल’मध्ये इंजिन सुरूच असल्याने स्टीअरिंग नेहमीसारखे हलके राहते, हा या क्रमाचा मोठा फायदा आहे.

चौथी कृती इंजिन बंद करण्याची. आणि ती मोटार थांबल्यावर. धावत्या मोटारीत इंजिन बंद केल्यास स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. न्यूट्रल होतच नसेल, तरच हा मार्ग पत्करावा. किल्लीची मोटार असेल तर किल्ली एकच टप्पा मागे फिरवावी. बाहेर काढल्यास स्टीअरिंगला कुलूप बसते. बटणाची मोटार असेल तर बटण काही सेकंद दाबून धरावे किंवा लागोपाठ अनेकदा दाबावे. नेमकी पद्धत कंपनीनुसार बदलते आणि ती मोटारीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते.

न करायच्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. धावत्या मोटारीत खाली वाकून पेडल किंवा मॅट ओढू नये. त्या क्षणी रस्त्यावरची नजर हटते. हँडब्रेक एकदम खेचू नये. तो सहसा मागील चाकांनाच लागतो आणि मोटार फिरण्याची भीती असते. ब्रेक दाबूनही वेग वाढतच असेल, तर पाय खरोखर ब्रेकवरच आहे काय, याची खात्री करावी. पाय पूर्ण उचलून पुन्हा ब्रेकवर ठेवल्याने अनेकदा खरे कारण लक्षात येते.

मोटार थांबल्यावर ती पुन्हा सुरू करून घरी नेण्याचा मोह टाळावा. ती ओढून दुरुस्ती केंद्रात न्यावी आणि तक्रार लेखी द्यावी. तोंडी तक्रारीचे काय होते, हे सँटीच्या प्रकरणात दिसलेच आहे.

खबरदारी पायापाशी

अॅक्सिलरेटर अडकण्याची सर्वांत साधी कारणे चालकाच्या पायापाशीच असतात. मूळ मॅटवर दुसरी मॅट टाकणे, पावसाळ्यात त्यावर आणखी रबरी तुकडा किंवा वर्तमानपत्र अंथरणे, खुंट्यांना न अडकवलेली बाजारातील सैल मॅट वापरणे हे आपल्याकडे सर्रास दिसते. आसनाखाली ठेवलेली पाण्याची बाटली घरंगळत पेडलखाली येते आणि मग ब्रेकच दाबला जात नाही. महिन्यातून एकदा, इंजिन बंद असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडून पाहावा. तो झटकन वर आला पाहिजे. मॅट एकच असावी, त्याच मॉडेलची असावी आणि पक्की बसवलेली असावी. यासाठी फारसा खर्च येत नाही.

परवान्यातील उणीव

प्रश्न केवळ चालकाच्या दक्षतेचा नाही. हलक्या मोटारीचा परवाना भारतात क्लचच्या आणि ऑटोमॅटिक वाहनासाठी एकच आहे. क्लचच्या मोटारीवर चाचणी दिलेला माणूस दुसऱ्याच दिवशी ऑटोमॅटिक किंवा विजेवरील मोटार घेऊन रस्त्यावर येऊ शकतो. चाचणीत भर असतो तो आठचा आकडा, मागे मोटार घेणे आणि चढावर ती न घसरू देता पुढे काढणे यांवर. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबण्याचा, धावत्या मोटारीत न्यूट्रल करण्याचा सराव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्वचितच करून घेतला जातो. नव्या मोटारीचा ताबा देताना विक्रेता संगीतयंत्रणा कशी जोडायची हे दाखवतो. इंजिन आणीबाणीत कसे बंद करायचे, हे सांगत नाही.

सदोष वाहनांबाबत कायदा उशिरा का होईना, पुढे सरकला आहे. २०१२मध्ये वाहन उद्योगाच्या संघटनेने स्वेच्छेने मोटारी परत बोलावण्याची संहिता आखली होती. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१पासून सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला प्रत्यक्ष वापरता येऊ लागला. त्यासाठी कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही यंत्रणा ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्यावर हलते. ‘वेग आपोआप वाढला’ असे सांगणाऱ्या मालकाची विक्रेत्याने समजूत काढून बोळवण केली आणि सरकारी पोर्टलवर नोंदच झाली नाही, तर कायदा कागदावरच राहील.

अॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच वेळी दाबले गेल्यास ब्रेकचेच ऐकणारी सोय आता अनेक नव्या मोटारींत असते. मॅटने पेडल दाबून धरले तरी ती उपयोगी पडते. मात्र चालकाने ब्रेक दाबलाच नाही, तर ती काहीच करू शकत नाही. म्हणून यंत्रावर भिस्त ठेवून प्रशिक्षण टाळता येणार नाही. परिवहन विभागाने चाचणीत आणीबाणीच्या ब्रेकचा आणि न्यूट्रलचा समावेश प्रत्यक्षात आणावा, सार्वजनिक बससेवांनी वाहनाचा प्रकार बदलताना चालकाला पुरेसे दिवस सराव द्यावा आणि विक्रेत्यांनी ताबा देतानाच ही माहिती द्यावी, या मागण्या खर्चिक नाहीत.

तोवर प्रत्येक मोटारमालकाला स्वतःपुरते एक करता येईल. एखाद्या मोकळ्या मैदानात, कमी वेगात, ‘डी’वरून ‘एन’वर जाण्याचा आणि ब्रेक घट्ट दाबून मोटार थांबवण्याचा सराव करावा, पुस्तिकेतील इंजिन बंद करण्याचे पान वाचावे आणि घरातील जे कोणी ती मोटार चालवतात, त्यांच्याकडूनही ते करून घ्यावे. पंधरा मिनिटांचे हे काम आहे.